अशोक एक, झाडे दोन : शास्त्रीय नावे कशासाठी?

शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या आवारात रांगेने उभी असलेली, उंच, सरळसोट, झुकलेल्या लांब पानांची झाडे सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांस आपण अशोक म्हणतो. परंतु रामायणातील अशोकवनाशी परंपरेने ज्या वृक्षाचे नाव जोडले जाते व ज्याची साल वैद्य स्त्रियांच्या विकारांवर अशोकारिष्टात योजतात, तो अशोक हा नव्हे. तो सीता-अशोक. त्याचा विस्तार डेरेदार असून नारिंगी, पुढे लालभडक होणाऱ्या सुवासिक फुलांचे गुच्छ त्याच्या जून फांद्यांवर येतात. आवारातील झाडाची फुले हिरवट व सहसा लक्षातही न येणारी असतात.

नाव एक असल्यामुळे होणारे नुकसान केवळ शब्दांपुरते राहत नाही. औषधी सालीच्या व्यापारात खऱ्या अशोकाच्या सालीत दुसऱ्याची भेसळ होते, हे वनौषधींच्या अभ्यासकांनी वारंवार दाखवून दिले आहे. विकणारा ‘अशोकाचीच साल दिली’ असे म्हणेल, आणि शब्दाच्या दृष्टीने ते खोटेही ठरणार नाही! रुग्णास मात्र गुण यावयाचा नाही. ज्याची साल खरोखर हवी, तो सीता-अशोक तर रानातून विरळ होत चालला असून आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने १९९८ साली त्याची गणना संकटासन्न जातींत केली.

हा गोंधळ टाळण्यासाठी वनस्पतिशास्त्रज्ञ सीता-अशोकास ‘साराका असोका’ म्हणतात. दुसऱ्याचे नाव ‘पॉलिअ‍ॅल्थिया लाँगिफोलिया’ असे अनेक पुस्तकांतून आढळते. अलीकडे त्यास ‘मोनून लाँगिफोलियम’ म्हणतात. लाँगिफोलियम म्हणजे लांब पानांचा. पहिल्या नावातील ‘असोका’ हा शब्द आपलाच आहे, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. ही दोन झाडे एकमेकांची भावंडेही नव्हेत. सीता-अशोक चिंच व आपटा यांच्या कुळातील, तर दुसरा सीताफळाच्या कुळातील आहे.

दोन शब्दांची ही पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनियस या शास्त्रज्ञाने रूढ केली. वनस्पतींसाठी त्याचा १७५३ चा ग्रंथ व प्राण्यांसाठी १७५८ ची आवृत्ती हा नामकरणाचा आरंभ मानला जातो. तत्पूर्वी एकेका झाडाचे नाव म्हणजे लॅटिन भाषेतील एक लांबलचक वर्णनच असे. ते पाठ करणे विद्वानांसही जड जाई. लिनियसच्या पद्धतीत पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे घराण्याच्या आडनावासारखा, आणि दुसरा त्या विशिष्ट जातीचा असतो. नाव देणाऱ्याने वनस्पतीचा वाळवलेला नमुना संग्रहालयात ठेवावयाचा असतो. पुढे वाद उपस्थित झाल्यास त्या नमुन्याशी ताडून निर्णय होतो. आपल्या सीता-अशोकास जुन्या पुस्तकांत ‘साराका इंडिका’ म्हटलेले आढळते. पुढील तपासणीत ते नाव आग्नेय आशियातील निराळ्या जातीचे असल्याचे ठरले. नावात ‘इंडिका’ असले म्हणजे झाड भारतातलेच, असे समजू नये.

लोकव्यवहारातील नावे कमी प्रतीची आहेत, असा याचा अर्थ नाही. काही शास्त्रीय नावे तर त्यांवरच उभी आहेत. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने सिद्ध केलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्याच्या सिद्धतेत इट्टी अच्युतन या केरळीय वैद्याबरोबरच रंग भट, विनायक पंडित व आपू भट या कोचीच्या तिघा कोंकणी वैद्यांचा वाटा होता. त्यांचे १६७५ चे नागरी लिपीतील कोंकणी प्रमाणपत्र ग्रंथात छापलेले आहे. लिनियसने पुढे या ग्रंथाचा आधार घेतला.

गोव्यातील भिरंड महाराष्ट्रात रातांबा अथवा कोकम होते. पोर्तुगीजांनी भिरंडाचे ‘ब्रिंडांव’ केले आणि त्यावरून एका फ्रेंच शास्त्रज्ञाने या झाडास ‘ब्रिंडोनिया इंडिका’ म्हटले. आज त्याचे मान्य नाव ‘गार्सिनिया इंडिका’ आहे. पणजीच्या उद्यानास ज्याचे नाव आहे त्या गार्सिया द ओर्ताचा हा सन्मान असावा, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात तो लॉरेंट गार्सिन या दुसऱ्याच वनस्पतिज्ञाचा आहे.

प्राण्यांच्या बाबतीतही असेच घडते. गोव्याच्या राज्यप्राण्यास मराठीत गवा रेडा म्हणतात, इंग्रजीत बायसन. म्हैस आणि बायसन यांपैकी तो कोणीच नव्हे. ‘बॉस गॉरस’ या नावातील ‘बॉस’ म्हणजे गाईबैलांची प्रजाती. गवा त्यांचाच रानटी भाऊबंद होय.

रोपवाटिकेकडे मागणी नोंदविताना नुसते ‘अशोक’ न लिहिता ‘सीता-अशोक, साराका असोका’ असे लिहावे. रोप हाती आल्यावर पान पाहावे. एकाच देठावर समोरासमोर पर्णिकांच्या जोड्या असतील तर तो सीता-अशोक. देठाला एकच लांब, कडेने नागमोडी पान असेल तर तो दुसरा. त्याची रांग कुंपणाकडेला अवश्य लावावी, मात्र औषधी बागेत त्यास जागा देऊ नये.