मूल बालवाडीत रुळावे कसे?

मृगाच्या तोंडावर शेतकऱ्याच्या घरी दोन कामे एकदमच उभी राहतात. एक पेरणी आणि दुसरे शाळा. बी, खत, बैल किंवा ट्रॅक्टर यांची जुळवाजुळव आपण महिनाभर आधी करतो. मुलाच्या बाबतीत मात्र तसे होत नाही. आदल्या दिवशी बाजारातून दप्तर येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीन-साडेतीन वर्षांच्या पोराला उचलून बालवाडीच्या दारात ठेवले जाते. मूल किंचाळते, आईचा पदर सोडत नाही, बाई त्याला हाताला धरून आत नेतात आणि आई डोळे पुसत शेताकडे जाते. चार दिवस असे झाले की घरात कोणीतरी म्हणते, "राहू दे, एवढ्यात कशाला? पुढच्या वर्षी बघू."

हे "पुढच्या वर्षी बघू" वाटते तितके स्वस्त पडत नाही. बालवाडीत न गेलेले मूल ऐन कामाच्या दिवसांत जाते कुठे? एक तर आईबरोबर बांधावर. तिथे उघडी विहीर असते, फवारणीच्या औषधाचे डबे असतात, गवतात विंचूकाटा असतो आणि आईचे लक्ष भांगलणीत असते. नाही तर ते घरी राहते आणि त्याला सांभाळायला तिसरी-चौथीतल्या थोरल्या बहिणीची शाळा बुडते. धाकटे रुळले नाही म्हणून थोरलीचे वर्ष वाया जाते, हे आपल्या खेड्यांत आजही घडते.

ही अडचण जुनीच आहे. श्रीमती ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. त्यांच्याबरोबर श्रीमती अनुताई वाघ होत्या. गरिबांची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत हे पाहून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवली, म्हणजे धाकटे भावंड सांभाळणारी मुलगीही शाळेत येऊ शकली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोहोचला. आज बहुतेक गावांत अंगणवाडी आहे, कित्येक ठिकाणी सिस्टरांची बालवाडीही आहे. दार जवळ आले आहे. मुलाला त्या दारातून आत नेण्याचे काम आपले आहे.

मूल का रडते?

रडणारे मूल हट्टी असते असे नाही आणि लाडावलेले असते असेही नाही. तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही. आई दिसेनाशी झाली की ती परत येणार की नाही याची त्याला खात्री नसते. ही खात्री सांगून पटत नाही. आई गेली आणि आली, पुन्हा गेली आणि पुन्हा आली, असे अनेकदा घडले म्हणजेच ती मनात बसते.

तरव्यातले भाताचे रोप उपटून चिखलात लावले की काही दिवस ते पिवळे पडते. आपण घाबरून ते परत तरव्यात नेत नाही आणि लवकर वाढावे म्हणून वर ओढतही नाही. मुळे माती धरेपर्यंत पाणी सांभाळतो. मुलाचेही तसेच आहे. बहुतेक मुले दोन-तीन आठवड्यांत रुळतात, काहींना जास्त वेळ लागतो. तेवढे दिवस दम धरावा.

आधीची तयारी

सुरुवात महिनाभर आधी करावी. पहिली गोष्ट, मुलाला आईवाचून थोडा वेळ राहायची सवय लावावी. आज अर्धा तास आजीजवळ, उद्या तासभर काकूच्या घरी, असे करावे. जाताना सांगून जावे आणि सांगितल्याप्रमाणे परत यावे.

दुसरी गोष्ट, जागा आधी दाखवावी. बाजाराला जाता-येता मुलाला बालवाडीच्या आवारात न्यावे. बाईंची ओळख करून द्यावी, पाणी कुठे आहे आणि लघवीला कुठे जायचे ते दाखवावे. पुष्कळ मुले केवळ या एका भीतीने रडतात, की लघवी लागली तर सांगायचे कोणाला? नाडीची चड्डी देऊ नये. मुलाला स्वतः खाली-वर करता येईल अशी इलॅस्टिकची द्यावी.

तिसरी गोष्ट, झोप. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून दहा ते तेरा तास झोप लागते, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे. मोबाईल किंवा टीव्ही दिवसातून एक तासापेक्षा अधिक नको, कमी असेल तितका बरा, असेही त्याच सूचनांत आहे. रात्री अकरापर्यंत मोबाईल पाहणारे मूल सकाळी चिडचिडे उठणारच, आणि त्याचा दोष मग बालवाडीच्या माथी बसतो.

पेरणीच्या घाईत हे जमायचे कसे, असे आपण विचाराल. अंगणवाडीला शाळेसारखी लांब सुट्टी नसते. तीन वर्षे पूर्ण झालेल्या मुलासाठी जूनची वाट पाहण्याचे कारण नाही. सेविकेला विचारून, हातात थोडी सवड असेल अशा आठवड्यात सुरुवात करावी. पहिले दोन-तीन दिवस तासभरच ठेवावे, मग दोन तास, मग पूर्ण वेळ. आईला सवड नसेल तर बापाने किंवा आजोबांनी सोडावे. कित्येक मुले आईपेक्षा त्यांच्या हातून लवकर सुटतात.

निरोप कसा घ्यावा?

सगळ्यात मोठी चूक इथे होते. मूल खेळात रमले की आई मागच्या मागे पळ काढते. तेवढ्यापुरते रडणे टळते, पण मूल वळून पाहते तेव्हा आई नाहीशी झालेली असते. दुसऱ्या दिवसापासून ते खेळतच नाही, आईवर डोळा ठेवून बसते. म्हणून सांगूनच जावे, ते रडले तरी.

काय सांगावे? बारा वाजता येते असे नव्हे, तर त्याला कळेल असे. "तुम्ही खेळाल, गाणी म्हणाल, मग जेवण होईल. ताटली धुऊन ठेवलीस की मी दारात असेन." एवढे बोलून, पाठीवर हात फिरवून निघावे. पाच वेळा मागे वळून पाहू नये. आईचा जीव घुटमळतो आहे हे दिसले की मुलाला वाटते, इथे काहीतरी भिण्यासारखे आहे खास.

आणि दिलेला शब्द पाळावा. ताटली धुतल्यावर येते म्हटले तर तेव्हाच यावे. पहिल्या पंधरवड्यात ओळ अर्धी राहिली तरी चालेल. ते जमणार नसेल तर कोण न्यायला येणार हे सकाळीच सांगावे. "थांब, तुझ्या बाईंनाच सांगते," "शाळेत घालते म्हणजे कळेल," असली धमकी घरात कोणीही देऊ नये. ज्या बाईंच्या मांडीवर मूल उद्या बसायचे आहे त्यांचाच बागुलबुवा आज करू नये. "रडलास तर चॉकलेट नाही" असा सौदाही नको. दुपारी घरी आल्यावर "रडलास का?" असे विचारू नये. "आज कोणते गाणे म्हटले?" असे विचारावे.

भाषेची अडचण

बेळगाव-खानापूर भागात आणखी एक गाठ असते. घरात मराठी किंवा कोंकणी, आणि अंगणवाडीच्या बाई कन्नड बोलणाऱ्या. हैदराबाद, बडोद्याकडेही घरची भाषा एक आणि बाहेरची दुसरी. मूल गप्प राहिले की त्याला मंद समजतात. ते मंद नसते, ऐकत असते. नव्या भाषेत मूल काही आठवडे, कधी काही महिने नुसते ऐकते आणि मग एके दिवशी बोलू लागते.

तोवर त्याला गरजेपुरते पाच-सहा शब्द घरी शिकवावेत. नीरु म्हणजे पाणी, ऊट म्हणजे जेवण, बेकु म्हणजे हवे, बेडा म्हणजे नको, साकु म्हणजे पुरे. एवढ्यावर मुलाचे निम्मे काम भागते. लघवीसाठी घरी जो शब्द वापरता तो बाईंना आधीच सांगून ठेवावा.

मात्र बाहेरची भाषा लवकर यावी म्हणून घरची भाषा सोडू नये. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मुलाशी बोलण्यापेक्षा आजीने भरल्या मराठीत गोष्ट सांगणे कितीतरी उपयोगाचे. एका भाषेत ज्याचे बोलणे पक्के झाले त्याला दुसरी लवकर येते. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे.

शाळेची खरी तयारी

पूर्वी गुरुजी मुलाला हात डोक्यावरून नेऊन दुसऱ्या बाजूचा कान धरायला सांगत. कान हाती लागला की मूल शाळेत घ्यायजोगे झाले असे समजत. त्या युक्तीत शहाणपण होते, कारण शरीर तयार झाले की नाही हे त्यात पाहिले जाई. आता राष्ट्रीय धोरणाप्रमाणे पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. त्याआधीची तीन वर्षे खेळातून शिकण्याची आहेत.

तरीही साडेतीन वर्षांचे मूल अजून अ आ ई लिहीत नाही म्हणून पालक बाईंशी भांडतात. मनगटात आठ लहान हाडे असतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यांतली काही अजून कूर्चाच असतात. बोटांत पेन्सिल धरण्याचे बळ यायचे असते. ते बळ येते घरच्या कामांतून. मुलाला भुईमुगाच्या शेंगा फोडू द्याव्यात, पिठाचा गोळा मळू द्यावा, तांब्यातून पेल्यात पाणी ओतू द्यावे, पावटा आणि चिंचोके निवडून वेगळे करू द्यावेत. निवडणे आणि मोजणे हेच पहिले गणित. अशा वेळी मोठे माणूस शेजारी असावे, कारण शेंगदाणा किंवा चिंचोका श्वासनळीत अडकला तर जिवावर बेतते. नाकात-कानात बी घालण्याची खोडही याच वयातली.

याखेरीज आपले पूर्ण नाव सांगणे, स्वतः जेवणे, हात धुणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे आणि सांगितलेली गोष्ट ऐकून करणे, एवढे जमले की मूल पहिलीसाठी तयार झाले असे समजावे. अक्षरे मग भराभर येतात.

तब्येतीकडे लक्ष

बालवाडीत न रमणाऱ्या मुलाचे पोट, कान आणि डोळे आधी तपासावेत. रिकाम्या पोटी पाठवू नये. अंगणवाडीत खाऊ मिळतो तो घरच्या न्याहारीच्या जागी नव्हे, तिच्या जोडीला. नाचणीची आंबील किंवा दूध-भाकरी दिली तरी पुरे. जंताची गोळी अंगणवाडीत वाटतात, ती चुकवू नये आणि मुलाने चावून खाल्ली की नाही ते पाहावे. कान वाहत असेल तर त्यात तेल ओतू नये, डॉक्टरांना दाखवावे. ऐकू कमी येणारे मूल "लक्षच देत नाही" म्हणून बोलणी खाते. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले फुकट तपासते. त्या दिवशी मूल हजर असावे. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान त्रिगुणी लसीचा दुसरा बूस्टर असतो, तो पुष्कळ घरांत राहून जातो. कार्ड काढून पाहावे.

सुरुवातीला सर्दी-खोकला वारंवार होतो. मुले एकत्र आली की हे व्हायचेच. ताप किंवा जुलाब असेल तर घरी ठेवावे, साध्या नाक गळण्याने नागा करू नये. मधूनमधून नागा केला की रुळणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सोमवारी जास्त रडणे येते ते यामुळेच.

महिना-दीड महिना नियमित पाठवूनही मूल दिवसभर रडत असेल, जेवणखाण सोडले असेल, बंद झालेले अंथरुणात लघवी करणे पुन्हा सुरू झाले असेल, झोपेत दचकून उठत असेल किंवा एखाद्या ठरावीक माणसाचे नाव काढताच भीत असेल, तर तो हट्ट समजू नये. बाईंशी शांतपणे बोलावे, मुलाचे ऐकून घ्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे. तीन वर्षांचे होऊनही दोन-तीन शब्दांचे वाक्य बोलत नसेल किंवा हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर वाट पाहूच नये.

येत्या मोसमात बियाणे आणायला बाजारात जाल तेव्हा मुलालाही बरोबर घ्यावे आणि वाटेत बालवाडीच्या दाराशी पाच मिनिटे थांबावे. मुलाने आत डोकावले आणि बाईंनी त्याला नावाने हाक मारली, तर निम्मी तयारी झाली. उरलेली निम्मी तयारी म्हणजे दुपारी, ताटली धुऊन होईल तेव्हा, दारात उभे राहणे.