पट घटतो, तेव्हां शिक्षकाचें काय होतें?

जून महिन्यांत शाळा उघडते, हजेरीपटावर नांवें चढतात, आणि मागील वर्षापेक्षां चार-सहा नांवें कमी भरलीं तर बाहेर कोणाच्या तें लक्षांतही येत नाहीं. अनुदानित शाळेच्या शिक्षकांच्या खोलींत मात्र त्या चार-सहा नांवांची चर्चा दिवाळीपर्यंत चालते. कारण मुलांच्या संख्येवर तेथें कोणाची तरी नोकरी अवलंबून असते. मुंबईंत १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तशीं गिरणगांवांतील कित्येक कुटुंबें उपनगरांकडे व गांवाकडे सरकलीं. शिवाय मध्यमवर्गानें आपलीं मुलें इंग्रजी माध्यमाकडे वळविलीं. या दुहेरी ओहोटीनें अनेक जुन्या मराठी शाळांच्या तुकड्या एकामागून एक मिटल्या. शाळेची इमारत तशीच उभी राहते. शिक्षक मात्र ‘अतिरिक्त’ ठरतो. वीस वर्षें वर्ग शिकविलेल्या माणसाला हा शब्द कसा लागत असेल, तें सांगावयास नको. कायद्याच्या दृष्टीनें त्याचा अर्थ काय, तें पाहणें मात्र अगत्याचें आहे.

प्रथम संख्येचा हिशेब. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासंबंधींच्या २००९ च्या अधिनियमाला जोडलेल्या अनुसूचींत पहिली ते पांचवीच्या वर्गांसाठीं शिक्षकांची संख्या ठरवून दिली आहे: ६० मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार, आणि १२१ ते २०० पर्यंत पांच. आतां एखाद्या शाळेच्या पटावर १२३ मुलें आहेत असें समजूं. जवळच्या चाळीची पुनर्बांधणी निघाली, तीन कुटुंबें दूर राहावयास गेलीं, आणि पट १२० वर आला, कीं या मोजणीनें पांचवें पद उरत नाहीं. कमी झालीं तीन मुलें. गेलें एक सबंध पद. महाराष्ट्रांत पदांचें हें गणित शिक्षणखातें ‘संचमान्यता’ या नांवानें करतें, व त्याचे तपशील शासननिर्णयांनीं वेळोवेळीं बदलत आले आहेत. पटाला असें मोल आलें म्हणजे तो फुगविण्याचा मोहही उत्पन्न होतो. ऑक्टोबर २०११ मध्यें राज्यभर एकाच वेळीं पटपडताळणी करण्यांत आली, ती याच संशयापोटीं.

परंतु पद जाणें आणि माणूस जाणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पदें किती असावींत हें संख्या ठरविते. पदाबरोबर कोणीं जावें हें संख्या ठरवीत नाहीं, व संस्थाचालकांच्या मर्जीवरही तें सोडलेलें नाहीं. गिरणींतील कामगाराला १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानें कपातीच्या वेळीं जें संरक्षण दिलें, तें शिक्षकाला लाभलें नाहीं. गोव्यांतील एका शिक्षिकेच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें १९८८ सालीं असा निर्णय दिला कीं, शिक्षक हा त्या कायद्याच्या अर्थानें ‘कामगार’ नव्हे. महाराष्ट्रांतील खाजगी शाळेच्या शिक्षकाचा खरा आधार निराळा आहे. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींविषयींचा १९७७ चा अधिनियम व त्याखालील १९८१ ची नियमावली, हा तो आधार होय.

या नियमावलींतील २६ वा नियम कपातीचा आहे. विद्यार्थी घटणें, वर्ग वा तुकड्या कमी होणें, एखादा अभ्यासक्रम बंद पडणें, अशा खऱ्या कारणासाठीं कायम कर्मचाऱ्यास तीन महिन्यांची नोटीस देऊन कमी करतां येतें. मात्र सेवाज्येष्ठतेचें तत्त्व सामान्यतः पाळावें लागतें. म्हणजे पाळी आधीं कनिष्ठावर येते. राखीव जागांवरील मागासवर्गीय कर्मचाऱ्यांचाही विचार त्यांत करावा लागतो. शिवाय प्रत्येक प्रकरणीं शिक्षणाधिकाऱ्याची संमति आधीं घेतली पाहिजे. ज्येष्ठास काढून कनिष्ठास ठेवावयाचें असेल, तर त्याचीं विशेष कारणें दाखवावीं लागतात.

अनुदानित शाळेंतून कमी झालेला शिक्षक रस्त्यावर पडूं नये म्हणून त्याला दुसऱ्या शाळेंत सामावून घ्यावयाचें असतें. यालाच समायोजन म्हणतात. त्यासाठीं अधिनियमाच्या ५ व्या कलमानें दुसऱ्या बाजूसही बंधन घातलें आहे: रिकामी जागा भरण्यापूर्वीं संस्थेनें शिक्षणाधिकाऱ्याकडे अतिरिक्तांच्या यादींत योग्य माणूस आहे काय, याची चौकशी केली पाहिजे. पुढें मूळ शाळेंत तें पद पुन्हां निर्माण झालें, तर परत येण्याची पहिली संधि त्या शिक्षकाला रजिस्टर पत्रानें दिली पाहिजे.

या व्यवस्थेला मर्यादाही आहेत. विनाअनुदानित शाळेंतील शिक्षकाची वाट अधिक बिकट असते. अल्पसंख्याकांच्या संस्थांना घटनेच्या ३० व्या कलमानें आपल्या शाळा चालविण्याचा अधिकार दिला असल्यामुळें, त्यांच्यावर बाहेरचा शिक्षक लादतां येईल काय, हा वाद न्यायालयांपर्यंत गेला आहे.

नियम डावलून सेवा संपविली, तर ९ व्या कलमाखालीं शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करतां येतें. त्याची मुदत आदेश मिळाल्यापासून अवघी ३० दिवस असते. न्यायाधिकरण शिक्षकाला पुन्हां कामावर घेण्यास सांगूं शकतें. तसें करावयाचें नसल्यास, दहा वर्षें वा अधिक सेवा झालेल्यास बारा महिन्यांचा व त्याहून कमी सेवा झालेल्यास सहा महिन्यांचा पगार भरपाई म्हणून देववूं शकतें.

या साऱ्या प्रकरणाचा निकाल पुष्कळदां एका साध्या कागदावर लागतो. तो कागद म्हणजे ज्येष्ठतासूची. १२ व्या नियमाप्रमाणें ती संस्थेनें तयार करून शिक्षकांत फिरवावी, प्रत मिळाल्याबद्दल सह्या घ्याव्या, हरकती विचारांत घ्याव्या, आणि वाद राहिल्यास तो शिक्षणाधिकाऱ्याकडे न्यावा, अशी तरतूद आहे. पट भरलेला असतो त्या वर्षीं ही सूची कोणी वाचीत नाहीं. मधल्या सुटींत चहाबरोबर तिच्यावर सही होते. रुजू होण्याची तारीख चुकली आहे किंवा नवी पदवी नोंदलेलीच नाहीं, हें ध्यानांत येतें तें दहा वर्षांनीं, तुकडी तुटल्यावर. आणि तेव्हां आपलीच जुनी सही आपल्याविरुद्ध पुढें केली जाते. म्हणून ज्या घरांत कोणी शिक्षक आहे, त्या घरीं यंदाची सूची एकदां नीट वाचली जावी. त्यासाठीं पट घटण्याची वाट पाहूं नये.