हे रडणे नव्हे : केमोथेरपी आणि डोळ्यांतले पाणी

घरात कुणाची केमोथेरपी सुरू असते तेव्हा साऱ्या घराची नजर त्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर असते. डोळ्यांच्या कडा ओल्या दिसल्या की कुणी म्हणते, “अम्मी, रडू नका, सब्र करा.” भेटायला आलेली खालाजान स्वतःच पदर डोळ्यांना लावते. अम्मी मात्र रडत नसतात. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आपोआप वाहत असते. सतत खुलासा करण्याचा कंटाळा येतो, म्हणून त्या गप्प बसतात. एवढ्या मोठ्या आजारात डोळ्यांच्या पाण्याचे काय सांगायचे, असे वाटून ही गोष्ट डॉक्टरांपर्यंतही जात नाही. नुकसान होते ते या गप्प राहण्यामुळेच. हे पाणी अनेकदा औषधाचा दुष्परिणाम असते. वेळेवर सांगितले तर त्यावर इलाज सोपा असतो. उशीर झाला तर तो अवघड होऊन बसतो.

पाणी येते कुठून, जाते कुठे?

आपल्या डोळ्यांत अश्रू सतत तयार होत असतात आणि सतत वाहूनही जात असतात. वरच्या व खालच्या पापणीच्या नाकाकडील टोकाला एकेक बारीक छिद्र असते. तिथून सुरू होणाऱ्या अरुंद नळ्या अश्रू एका लहान पिशवीत नेतात आणि तिथून ते नाकात उतरतात. रडताना नाक वाहते ते यामुळेच. डोळ्यांत टाकलेल्या औषधाची चव घशाला लागते तीही याच वाटेने.

केमोथेरपीची काही औषधे या वाटेवर परिणाम करतात. स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट, जठर अशा अनेक कर्करोगांत दिले जाणारे डोसेटॅक्सेल हे त्यांतले प्रमुख. हे औषध अश्रूंतही उतरते. अरुंद नळ्यांना आतून सूज येते, मग व्रणासारखा जाड थर तयार होतो आणि वाट बंद होऊ लागते. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील नेत्रशल्यतज्ज्ञ डॉ. बीता इस्माएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ च्या सुमारास याकडे डॉक्टरांचे लक्ष वेधले. तीन आठवड्यांतून एकदा घेणाऱ्यांपेक्षा दर आठवड्याला डोसेटॅक्सेल घेणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो, असे दिसून आले. फ्लुरोयुरॅसिल (५-एफयू) आणि घरी गोळ्यांच्या रूपात घेतले जाणारे कॅपेसिटाबिन यांमुळेही डोळ्यांतून पाणी येऊ शकते.

दुसरे कारण ऐकायला उलटे वाटेल. डोळे कोरडे पडले की चुरचुरतात आणि त्या चुरचुरीला उत्तर म्हणून पाण्याचा लोंढा येतो. शिवाय पापण्यांचे केस गळाले की धूळ आणि वारा थेट डोळ्यांवर येतो. म्हणून नेमके कारण कोणते, हे तपासूनच ठरवावे लागते.

डॉक्टरांना कधी सांगावे?

पाणी दोन-चार दिवस सतत येत असेल, वाचताना धूसर दिसत असेल, गालावरची कातडी ओलसर राहून चुरचुरत असेल, तर पुढच्या डोसची वाट न पाहता कर्करोगाच्या डॉक्टरांना सांगावे आणि त्यांच्या सल्ल्याने नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. डोळा लाल होणे, दुखणे, पू येणे, उजेड सहन न होणे, नजर अचानक कमी होणे किंवा नाकाशेजारी डोळ्याच्या कोपऱ्यात सूज येणे, ही लक्षणे असतील तर त्याच दिवशी जावे. केमोच्या काळात अंगात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल तर रात्र काढू नये.

कोरडेपणा असेल तर कृत्रिम अश्रूंचे थेंब दिले जातात. वारंवार टाकायचे असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब बरे. सूज असेल तर डॉक्टर काही काळ स्टेरॉइडचे थेंब देतात. ते मनाने सुरू करू नयेत, कारण डोळ्याचा दाब वाढू शकतो. वाट अरुंद होत असेल तर नळीत सिलिकॉनची बारीक नळी बसवून ती उघडी ठेवता येते आणि केमो पुढे चालू राहू शकते. नळ्या पूर्ण बंद झाल्या तर मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. कधी काचेची छोटी नळी कायमची बसवून अश्रूंना नवी वाट द्यावी लागते. लवकर सांगण्याचे महत्त्व यातच आहे.

पाण्याला कंटाळून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. डोस कमी करायचा, अंतर वाढवायचे की औषध बदलायचे, हे डॉक्टरच ठरवतील.

घरात काय करावे?

ओढणीच्या किंवा पदराच्या टोकाने डोळे पुसण्याची सवय सोडावी. स्वच्छ मऊ रुमाल किंवा टिश्यू घेऊन हलकेच टिपावे, चोळू नये. हात आधी साबणाने धुवावेत. नकाब ओला झाला की बदलावा. बाहेर पडताना चष्मा लावावा. कांदा चिरणे, मिरचीची फोडणी, लोबान आणि अगरबत्तीचा धूर यांपासून रुग्णाला दूर ठेवावे. ही कामे घरातल्या इतरांनी वाटून घ्यावीत. धूसर दिसत असेल तर गाडी चालवू नये.

सुरम्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे. सुरमा लावणे आपल्याकडे प्रिय आहे, पण बाजारातल्या अनेक सुरम्यांत शिसे आढळते आणि एकच सलाई घरभर फिरते. केमोमुळे शरीराची प्रतिकारशक्ती कमी झालेली असताना हा धोका घेऊ नये. मध, गुलाबपाणी किंवा कुठलेही घरगुती औषध डोळ्यांत घालू नये. जमजमचे पाणी श्रद्धेने प्यावे. डोळ्यांत मात्र डॉक्टरांनी दिलेले निर्जंतुक थेंबच टाकावेत.

वुजू, नमाज आणि रोजा

अनेक बहिणींना खरी काळजी वाटते ती इबादतीची. रडताना आलेल्या अश्रूंनी वुजू मोडत नाही. कोकणातील बहुतेक मुस्लिम कुटुंबे शाफई मसलक मानतात. त्यानुसार डोळ्यांतून वाहणाऱ्या पाण्यानेही वुजू मोडत नाही. हनफी मसलकमध्ये जखम किंवा दुखण्यामुळे येणाऱ्या पाण्याचा हुकूम वेगळा आहे. एका नमाजच्या संपूर्ण वेळेत वुजू करून फर्ज अदा करण्याइतकीही उसंत मिळत नसेल, तर अशा व्यक्तीला माजूरची सवलत मिळते आणि त्या वेळेसाठी एक वुजू पुरतो. डॉक्टरांनी सांगितलेले कारण जवळच्या मुफ्तीसाहेबांना सांगून मसला विचारून घ्यावा. दर दहा मिनिटांनी वुजू करून थकून जाऊ नये.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस वाकू नका असे सांगितले असेल तर बसून इशाऱ्याने नमाज अदा करता येते. तिलावत करताना अक्षरे धूसर दिसत असतील तर मोठ्या अक्षरांचा मुसहफ घ्यावा किंवा तिलावत ऐकावी.

डोळ्यांतल्या थेंबांनी रोजा मोडत नाही, असा निर्णय जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ मध्ये दिला आहे. हनफी आणि शाफई मसलकचे मतही तेच आहे. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा एक-दोन मिनिटे बोटाने दाबून धरला की औषध घशात कमी उतरते आणि डोळ्यांत जास्त टिकते. केमो सुरू असताना रोजा ठेवायचा की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. आजाऱ्याला कुरआननेच सवलत दिली आहे. ती घेण्यात संकोच करू नये.

हजरत याकूब अलैहिस्सलाम यांचे डोळे पुत्राच्या विरहात पांढरे झाले होते, हे आपण सूरह यूसुफमध्ये वाचतो. तरीही त्यांचा सब्र सुंदरच राहिला. म्हणजे अश्रू दुःखाचे असले तरी सब्र कमी झाला असे नाही. मग औषधामुळे येणाऱ्या पाण्याची लाज कशाला? म्हणून घरच्यांनी “रडू नका” म्हणण्याऐवजी “पाणी कधीपासून येतंय?” असे विचारावे, उत्तर कागदावर लिहून ठेवावे आणि पुढच्या भेटीत तो कागद डॉक्टरांसमोर ठेवावा. दुआ आपण करतोच. तिच्या जोडीला एवढी काळजी घेतली तर इन्शाअल्लाह बराच त्रास टळेल.