इमारत आपली, काम कंत्राटदाराचे; भरपाई कोणी द्यावी?

बेंगळुरूच्या जुन्या विमानतळ मार्गावरील कार्लटन टॉवर्स या व्यापारी इमारतीत २३ फेब्रुवारी २०१० रोजी आग लागली. धुराने कोंडलेल्या काहींनी वरच्या मजल्यांवरून उड्या घेतल्या. नऊ जणांचा मृत्यू झाला. अशा दुर्घटनेनंतर मालक देखभालीच्या कंत्राटाकडे बोट दाखवतो आणि कंत्राटदार मालकाकडे. आपल्या ज्या ग्राहकांनी कर्ज काढून दुकान वा कार्यालय घेतले आहे, त्यांनी यातील कायदा जाणून घेणे हिताचे ठरेल.

जखमी व्यक्तीचा मालकाशी असलेला संबंध मालकाने कंत्राटदाराशी केलेल्या करारामुळे बदलत नाही. ज्याच्या ताब्यात जागा, त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घ्यावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १९९७ साली लागलेल्या आगीत ५९ जण दगावले. आगीचे मूळ तळमजल्यावरील वीज मंडळाच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये होते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली भरपाईचा ८५ टक्के भार चित्रपटगृहाच्या परवानाधारकावर आणि १५ टक्के वीज मंडळावर टाकला. हे प्रमाण बारकाईने पाहण्यासारखे आहे.

भरपाई दिल्यावर ती कंत्राटदाराकडून वसूल करण्याचा मार्ग म्हणजे हानिरक्षणाचा करार. त्याचा आधार भारतीय करार अधिनियम, १८७२ यातील कलम १२४ व १२५. आधी पदरचे पैसे भरावे लागतात काय? गजानन मोरेश्वर परेळकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री या १९४२ च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती छागला यांनी ‘नाही’ असा निर्वाळा दिला : दायित्व निश्चित झाले असेल, तर त्यातून मुक्त करण्याची मागणी आधीही करता येते.

कंत्राटदाराने नकार दिल्यास वर्षानुवर्षे साक्षीपुरावा चालवणे भागच असते असे नाही. वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ ने दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश १३-अ घातला. तीन लाख रुपये वा अधिक मूल्याच्या वाणिज्यिक वादात, समन्स बजावल्यानंतर व वादाचे मुद्दे निश्चित होण्यापूर्वी, संक्षिप्त निकालासाठी अर्ज करता येतो. प्रतिपक्षाला यशाची खरीखुरी शक्यता नाही आणि तोंडी पुरावा घेण्यास अन्य सबळ कारणही नाही, हे न्यायालयाला पटावे लागते. जखमीचा स्वतःचा दावा सामान्यतः वाणिज्यिक नसल्याने त्याला हा मार्ग नाही. मालक व कंत्राटदार यांच्यातील सेवा-कराराच्या वादाला मात्र तो खुला आहे.

समजा, उद्वाहनाच्या बिघाडाने ग्राहक जखमी झाला. ‘देखभालीच्या कामातून उद्भवणाऱ्या सर्व दाव्यांची भरपाई कंत्राटदार करील’ असे कलम असेल आणि काम त्याचेच होते हे निर्विवाद असेल, तर कागदपत्रांवर निकाल मिळू शकतो. कलमात केवळ ‘कंत्राटदाराच्या निष्काळजीपणामुळे’ असे शब्द असतील, तर निष्काळजीपणा कोणाचा हाच वाद होतो. मालकाने बिघाडाच्या लेखी सूचनेकडे दुर्लक्ष केले, असे कंत्राटदाराने पत्रांनिशी दाखवले, तर साक्षीदार तपासावेच लागतात. बचाव लंगडा पण अगदीच अशक्य नसेल, तेव्हा न्यायालय ठरावीक रक्कम जमा करण्याच्या अटीवर तो पुढे चालवू देऊ शकते.