चूक कोणाची, बक्षीस कोणाचं?

टेनिसचा एक सेट जिंकायला खेळाडूला कमीत कमी किती फटके मारावे लागतात? १९९९ साली ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर’ या ब्रिटिश कार्यक्रमात हा प्रश्न आला होता. आपल्या ‘कौन बनेगा करोडपती’चं मूळ तेच. स्पर्धकाने उत्तर दिलं, २४. सहा गेम, प्रत्येक गेमला चार गुण, सहा चोक चोवीस. उत्तर बरोबर धरलं गेलं आणि खेळ पुढे सरकला.

चूक पकडली ती घरी बसलेल्या प्रेक्षकांनी. सहापैकी तीन गेममध्ये सर्व्हिस प्रतिस्पर्ध्याकडे असते. त्याने दर वेळी दोन्ही सर्व्हिस चुकवल्या, तर आपल्याला रॅकेट न हलवताच गुण मिळतो. मग फटके लागतात ते फक्त आपल्या सर्व्हिसच्या तीन गेममध्ये. खरं उत्तर १२!

मग त्या माणसाचे पैसे काढून घेतले का? नाही. त्याने जिंकलेले १,२५,००० पौंड त्याच्याकडेच राहिले. प्रश्न कार्यक्रमाने काढला, चुकीचं उत्तर कार्यक्रमानेच बरोबर ठरवलं, तर भुर्दंड स्पर्धकाला कशाला?

आपल्या मंडळाच्या प्रश्नमंजूषेत गेली दोन वर्षं मी गुणफलक सांभाळतो. ‘सर, आमचं उत्तरही बरोबर होतं’ हे वाक्य तिथे हमखास ऐकू येतं. लाखोंची बक्षिसं देणारे कार्यक्रम अशा वेळी काय करतात, या कुतूहलापोटी मी वाचत गेलो. त्यातून जे कळलं ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट आपण वर पाहिलीच : चुकीचा फायदा स्पर्धकाला झाला, तर तो सहसा परत घेत नाहीत. अमेरिकेतल्या ‘द प्राइस इज राइट’मध्ये प्लिंको नावाचा खेळ आहे. खिळ्यांच्या उभ्या फळीवरून चकती सोडायची, ती ठेचकाळत खाली ज्या खणात पडेल तेवढी रक्कम आपली. २००८ साली एका जाहिरातीच्या चित्रीकरणासाठी फळीवर मासेमारीचा बारीक दोरा लावला होता. चकती दर वेळी १०,००० डॉलरच्या खणातच जावी म्हणून! तो काढायचं राहून गेलं. एका विद्यार्थिनीच्या तीन चकत्या लागोपाठ त्याच खणात पडल्या, तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं. खेळ थांबवला, पण ३०,००० डॉलर तिलाच दिले.

दुसरी गोष्ट जरा नाजूक. चुकीने स्पर्धकाचं नुकसान झालं तर? तिथे आयते पैसे देत नाहीत, हुकलेली संधी परत देतात. २००६ साली ब्रिटनमध्ये सजावटकार लॉरेन्स लुएलिन-बोवेन आणि त्यांची पत्नी धर्मादाय संस्थेसाठी खेळत होते. दहा लाख पौंडांचा प्रश्न होता : लॅटिनमधून भाषांतर केल्यास अमेरिकेचं ब्रीदवाक्य काय? त्यांनी ‘इन गॉड वी ट्रस्ट’ निवडलं आणि ४,६८,००० पौंड गमावले. आयोजकांना लॅटिन वाक्याचा अर्थ हवा होता, ‘अनेकांतून एक’. पण अमेरिकेचं अधिकृत ब्रीदवाक्य १९५६ पासून ‘इन गॉड वी ट्रस्ट’ हेच आहे. प्रश्नच संदिग्ध. दोघांना परत बोलावलं, पाच लाखांवर आणून उभं केलं आणि नवा प्रश्न विचारला. तो त्यांनी सोडला, पाच लाख मात्र राखले. ‘जेपर्डी’ या अमेरिकन कार्यक्रमातही परीक्षकांच्या चुकीमुळे कोणी हरलं असं ठरलं, तर त्याला पुन्हा खेळायला बोलावतात.

तिसरा प्रश्न हुशारी आणि लबाडीतल्या फरकाचा. १९८४ साली मायकल लार्सन नावाच्या माणसाने ‘प्रेस युअर लक’ घरी रेकॉर्ड करून बारकाईने पाहिलं. फलकावरचे दिवे पाचच ठरलेल्या क्रमांनी फिरतात, हे त्याला उमगलं. ते क्रम पाठ करून त्याने १,१०,२३७ डॉलर जिंकले. वाहिनीने नियम तपासले, एकही मोडला नव्हता, पैसे दिले. मग दिव्यांचे क्रम वाढवले. याउलट ब्रिटिश लष्करातला मेजर चार्ल्स इंग्राम. २००१ साली तो दहा लाख पौंडांपर्यंत पोचला, पण बरोबर पर्यायाला कोणीतरी खोकत होतं! रक्कम अडवली गेली आणि २००३ साली न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं.

हे सगळं एवढं काटेकोर का? कारण एकदा हात पोळलेत. १९५६ साली अमेरिकेतल्या ‘ट्वेंटी-वन’मध्ये आयोजकच लाडक्या स्पर्धकाला उत्तरं पुरवत होते. हर्बर्ट स्टेम्पेलला एका सिनेमाचं नाव माहीत असून मुद्दाम चुकायला लावलं आणि चार्ल्स व्हॅन डोरेनला जिंकवलं. व्हॅन डोरेनने १९५९ साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे ते कबूल केलं. १९६० साली असली बनवाबनवी कायद्याने गुन्हा ठरली.

राहता राहिलं बक्षीस. पडद्यावर दिसतो तो आकडा हातात पडत नाही. आपल्याकडे अशा कमाईवर ३० टक्के कर आहे. एक कोटी जिंकलात की ३० लाख तिथल्या तिथे कापले जातात, अधिभार आणि उपकर वेगळा. गाडी मिळाली, तर तिच्या किमतीवरचा कर भरला गेल्याशिवाय आयोजकांना ती देता येत नाही. २००४ साली ओप्रा विनफ्रेने प्रेक्षकांना २७६ गाड्या वाटल्या. टाळ्या थांबल्यावर त्या लोकांना कळलं की प्राप्तिकर आपल्यालाच भरायचाय, काहींना तर ७,००० डॉलरपर्यंत!

आता आपल्याकडे वळू. आपलं बक्षीस म्हणजे दोन पुस्तकं आणि प्रमाणपत्र, त्यावर कर नाही. पण बरोबर उत्तर देऊनही ‘चूक’ ऐकून खाली बसलेला मुलगा पुढच्या वर्षी नाव नोंदवत नाही, हे मी पाहिलंय. म्हणून यंदा स्पर्धेआधी तीन नियम फळ्यावर लिहावेत असं मी सुचवतो. हरकत पुढची फेरी सुरू होण्याआधी घ्यायची. एकदा दिलेला गुण काढायचा नाही. आणि परीक्षकांची चूक निघाली, तर त्या संघाला एक नवा प्रश्न द्यायचा. सर्वांना पटलं, तर मंडळाच्या पुढच्या बैठकीत ठराव मांडतो.