मोठ्या आकड्याची दुर्बीण नको, डोळ्याला जुळणारी घ्या

किनवट तालुक्यातल्या इस्लापूरला आमचे पाहुणे राहतात. दिवाळीत नांदेडहून तिकडे गेलो की जेवणं उरकून अंगणात बाज टाकायची आणि आकाश बघत पडायचं, हा लेकरांचा ठरलेला कार्यक्रम. नांदेडला परतल्यावर मात्र गच्चीवरून मोजकेच तारे दिसतात. मग हट्ट सुरू होतो, ‘दुर्बीण घेऊन द्या.’ मागे आम्ही घेतलीही, चांगली ‘वीस पट’ लिहिलेली. हातात धरली की चंद्र नुसता थरथरायचा, तारे सापडायचेच नाहीत. दोन दिवसांत ती कपाटात गेली. पैसे गेले, त्याहून वाईट म्हणजे लेकरांची हौस गेली. तुमच्या घरी असं होऊ नये म्हणून हे चार शब्द.

बायनॉक्युलर, म्हणजे दोन डोळ्यांनी बघायच्या दुर्बिणीवर १०×५० असे दोन आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. आता दुसऱ्याला पहिल्याने भागा. १०×५० साठी उत्तर येतं ५, तर ७×५० साठी सुमारे ७. मागच्या भिंगातून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची ही मिलिमीटरमधली रुंदी. तो झोत डोळ्याच्या बाहुलीत मावला, तरच भिंगाने गोळा केलेला सगळा प्रकाश आत पोचतो.

इथे वयाचा संबंध येतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिमीपर्यंत उघडते. वय वाढतं तशी ती कमी उघडते आणि पन्नाशीनंतर बऱ्याच जणांची ५ मिमीच्या आसपास थांबते. अशा आजोबांनी ७×५० डोळ्याला लावली, तर झोताच्या कडेचा प्रकाश बाहुलीबाहेरच पडतो. पैसे ५० मिमी भिंगाचे आणि काम ३५ मिमीचं.

शहरात दुसरी अडचण उजेडाची. पथदिव्यांचा, फलकांचा उजेड हवेतल्या धुळीवर आणि बाष्पावर पसरतो आणि आकाश राखाडी दिसतं. दुर्बिणीतून तो राखाडीपणाही दिसतोच. पण तारा इतका दूर असतो की मोठा करून पाहिला तरी ठिपकाच राहतो, त्याचा प्रकाश पसरत नाही. आकाशाचा उजेड मात्र पटी वाढवल्या की पसरून फिका पडतो. त्यामुळे ७×५० पेक्षा १०×५० मधून आकाश जास्त काळं दिसतं आणि तारे उठून दिसतात.

मग वीस पट का नको? कारण हाताचा कंपही तितक्याच पटींनी वाढतो. दहाच्या वर गेलं की तिपाई लागतेच. म्हणून शहरातल्या गच्चीसाठी १०×५० घ्यावी. लहान मुलांना तिचं वजन पेलत नसेल, तर ८×४२ चालेल.

दुकानात काही गोष्टी स्वतः तपासा. झूमवाली आणि लालभडक काचांची दुर्बीण टाळा. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. मागच्या भिंगात प्रकाशाचं वर्तुळ पूर्ण गोल दिसायला हवं, कडा कापल्यासारखी चौकोनी दिसली तर आतले प्रिझम हलके समजा. मग दूरची पाटी बघा. दोन पाट्या दिसल्या किंवा डोळ्यांवर ताण आला, तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत, ती घेऊ नका. दूरचा किंवा जवळचा साधा नंबर असेल तर चष्मा काढून दुर्बिणीचं चाक फिरवलं की भागतं. सिलिंडरचा नंबर जास्त असेल तर चष्म्यासकट बघावं लागतं. तेव्हा डोळा भिंगापासून किमान १५ मिमी दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं का, हे पाहा.

आणि एक कायमचा नियम. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही बघू नका. डोळा कायमचा जाऊ शकतो. मुलांना दिवसा एकट्याने ती देऊ नका.

शहरातूनही बरंच दिसतं. चंद्रावरची विवरं दिसतात. हात भिंतीला टेकवून स्थिर धरलात तर गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चार चंद्र दिसतात. नुसत्या डोळ्यांनी सहा तारे मोजता येणाऱ्या कृत्तिकेत डझनावारी तारे दिसतात. मृगातल्या बाणाच्या खालचा तेजोमेघही ओळखू येतो.

पण सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर असलेली देवयानी दीर्घिका ही पसरट, अंधूक वस्तू. पटी वाढवल्या की आकाशाबरोबर तीही तितकीच फिकी होते. तिथे महागडी दुर्बीणही उपयोगी पडत नाही, काळोखच लागतो. म्हणून तर मुंबईचे आकाशप्रेमी वांगणीला जातात आणि आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. मोठ्या दुर्बिणीला जास्तीचे पैसे घालण्यापेक्षा मध्यम दुर्बीण घेऊन गावाकडचं तिकीट काढणं केव्हाही स्वस्त.

लक्ष्मीपूजन अमावास्येलाच असतं. पणत्या आणि फटाके आटोपून एक-दोन रात्री गेल्या की धूर निवळतो आणि चंद्रकोरही लवकर मावळते. अंगणातला बल्ब बंद करा, मोबाइल खिशात ठेवा आणि वीस-तीस मिनिटं नुसतं बसा, तेवढ्यात डोळे अंधाराला सरावतात. मग डोक्यावरच्या आकाशात उत्तरेच्या बाजूला देवयानीचा लांबट धूसर ठिपका शोधा.

आता गावोगावी एलईडी दिवे लागताहेत. रस्त्याला उजेड हवाच, पण दिव्याला वरून झाकण असेल तर सगळा उजेड रस्त्यावरच पडतो आणि आकाशही काळं राहतं. ग्रामसभेत ही मागणी करायला खर्च येत नाही. नाहीतर उद्या इस्लापूरच्या लेकरांनाही देवयानी पाहायला दुसरं गाव शोधावं लागेल.