१,३६० वॉटचा हिशेब

१,३६० वॉट म्हणजे घरातल्या इस्त्रीएवढी शक्ती. २००४ साली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात जेओंग, साहू, पेन आणि निल्सन यांनी ती काचेच्या धाग्याच्या ४० मायक्रोमीटर व्यासाच्या गाभ्यातून लेझरच्या रूपात बाहेर काढली. गाभ्याच्या क्षेत्रफळाने भागलं, तर चौरस सेंटिमीटरला १०.८ कोटी वॉट होतात. भर दुपारच्या उन्हाच्या हे शंभर कोटी पटींहून जास्त आहे.

एवढं सोसून काच टिकते कशी? गाभ्यातलं यटर्बियम ९७५ नॅनोमीटरचा प्रकाश शोषून सुमारे १,१०० नॅनोमीटरचा प्रकाश देतं. तरंगलांबी वाढली की ऊर्जा घटते, त्यामुळे शोषलेल्या १०० वॉटमधले ११ वॉट उष्णतेत जाणारच. निओडिमियम ८०८ घेऊन १,०६४ देतं. तिथे हीच घट २४ आहे. साउदॅम्प्टनच्या लेझरने, एकदा तो सुरू झाल्यावर, आत सोडलेल्या दर १०० वॉटमागे ८३ वॉट परत दिले. निसर्गाची मर्यादाच ८९ ची! माझ्या मते या प्रयोगातला सर्वांत मोलाचा आकडा हा ८३ आहे. उरलेली उष्णता धाग्याच्या लांबीभर पसरते आणि बारीक धाग्याच्या पृष्ठभागातून सहज निघून जाते.

भोसरी-चाकणच्या शेडमध्ये अशा लेझरने पत्रा कापणारं मशीन किती किलोवॅटचं, हे आधी विचारलं जातं. पण काप किती बारीक येईल, हे किरण किती लहान ठिपक्यात गोळा होतो यावरही ठरतं. त्याचं माप एम-स्क्वेअर. आदर्श किरणासाठी ते १. साउदॅम्प्टनला १.४ मिळालं, आणि तेही लेझरला ऊर्जा पुरवणाऱ्या डायोडच्या विस्कळीत प्रकाशातून. तो प्रकाश गाभ्याभोवतीच्या रुंद काचेत सोडायचा आणि गाभ्याने तो वाटेत थोडा थोडा शोषायचा, अशी ही रचना आहे.

पुढे आकडे भराभर चढले. २००८ मध्ये अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेने एका धाग्याची कमाल मर्यादा सुमारे ३६ किलोवॅट काढली. २००९ मध्ये आयपीजी कंपनीने १० किलोवॅट गाठले.

मात्र २०१० च्या सुमारास जर्मनीतल्या येना विद्यापीठात वेगळंच दिसलं. शक्ती एका टप्प्यापलीकडे नेली की तोवर स्थिर असलेला किरण मिलिसेकंदांत आकार बदलू लागे. गाभ्यात प्रकाशाच्या दोन रचना एकमेकींत मिसळतात, कुठे जास्त तर कुठे कमी उष्णता साठते, काचेचा अपवर्तनांक तसा बदलतो आणि प्रकाश एका रचनेतून दुसरीत ढकलला जातो. ३६ च्या गणितात ही अडचण धरलेलीच नव्हती. नुसते वॉट मोजत राहिलो असतो, तर तिचं कारण हाती लागलं नसतं. विद्यापीठांनी या प्रश्नावर खर्चलेली वर्षं मला म्हणूनच महत्त्वाची वाटतात.

२०२० मध्ये येनाच्याच गटाने, एकाच धाग्यावर सगळा भार न टाकता, प्रकाश वाढवणाऱ्या १२ धाग्यांचे, म्हणजे प्रवर्धकांचे, किरण, लाटेला लाट जुळवून, एकत्र आणले आणि सरासरी १०.४ किलोवॅट मिळवले. एकेक स्पंद २५४ फेम्टोसेकंदांचा. भागाकार केला तर प्रत्येक प्रवर्धकाच्या वाट्याला एक किलोवॅटही येत नाही, म्हणजे २००४ च्या त्या एका धाग्याहून कमीच.